चौथ्या पायरीवरची धाकटी

ज्या गोष्टीसाठी बोरी गावानं मला शाल आणि श्रीफळ दिलं, त्या गोष्टीचा शेवट मला माहीत नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चॅनेलला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन केला तो वेगळ्याच अपेक्षेनं. म्हणाले, "मालिकेच्या दुनियेतल्या गमतीजमती लिहा. वाचकांना आवडतं." गमतीजमती आहेतच. त्या सांगता सांगता मी मुद्द्यावर येईन.

मी लोककथांच्या एका मालिकेवर 'कथा संशोधक आणि बोलीभाषा सल्लागार' होतो. पद भारदस्त आहे, काम सोपं. गावोगाव हिंडायचं, म्हाताऱ्या माणसांकडून जुन्या गोष्टी ऐकायच्या, त्या चार ओळींत लिहून मुंबईला पाठवायच्या. या चार ओळींना आमच्या धंद्यात वनलाईन म्हणतात. चार ओळींना वन का म्हणतात हे मी विचारलं नाही. नवीन माणसानं फार विचारू नये.

वनलाईन मुंबईत पोचली की तिच्यावर आमच्या क्रिएटिव्ह मॅडम बसायच्या. बाई मनानं वाईट नव्हत्या. त्यांचा एकच प्रश्न असे, "यात व्हिलन कोण आहे?" आता आपल्याकडच्या अर्ध्या गोष्टींत व्हिलन म्हणजे पाऊस न पडणं. मी तसं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "पण दुष्काळाचा क्लोजअप कसा घेणार?" मग दुष्काळाला मिशा लावून त्याचा मामंजी करण्यात आला. मामंजींचं काम करणारा नट शाकाहारी, मितभाषी, देवमाणूस. त्याला परभणीच्या स्टँडवर एका आजीबाईंनी पिशवीनं बदडलं. चॅनेलमध्ये त्या दिवशी पेढे वाटले.

बोलीभाषेचा सल्ला हा तर माझ्या आयुष्यातला सर्वांत निवांत कामधंदा. मी संवाद लिहायचो, "काय करायलीस गं? पाणी आणायला जायलीस का?" मॅडमना वाटायचं वाक्यं अर्धवट राहिलीत. त्या ती पूर्ण करून घ्यायच्या. शेवटी पडद्यावर जी भाषा यायची ती कोणत्याच जिल्ह्यात बोलत नाहीत. कोल्हापूरच्या लोकांना वाटायचं मराठवाड्याची असेल, मराठवाड्याला वाटायचं खानदेशाची असेल, आणि अशा रीतीनं सगळा महाराष्ट्र समाधानी होता. पगार मात्र मला वेळेवर मिळायचा. त्यामुळे सल्ला मानला गेला नाही याचं दुःख महिन्याच्या एक तारखेला कमी व्हायचं.

गिऱ्हाइकंही एकेक भेटत. मानवतचे एक कापड दुकानदार, आपण त्यांना शेठ म्हणू, मला गाठून म्हणाले, "तुमच्या गोष्टीतली ती पोरगी विहिरीत बसलेली हाय न्हवं? तिच्या अंगावर आपल्या दुकानची साडी दाखवा. इतके दिवस पाण्यात हाय पन रंग गेला न्हाई, असं कुनीतरी म्हनावं फक्त."

मी म्हणालो, "शेठ, गोष्ट जुनी आहे. दोन-तीनशे वर्षांपूर्वीची."

"मंग आमचं दुकान बी जुनंच हाय की!"

मी त्यांना हसून वाटेला लावलं. पुढच्याच महिन्यात चॅनेलनं दुसऱ्या एका साडीवाल्याशी करार केला. वाक्य जवळजवळ तेच होतं. शेठ अजून माझ्याशी बोलत नाहीत.

तर ती विहिरीतली पोरगी.

बोरी हे माझ्या आईचं माहेर. तिथल्या सरूमावशी आईच्या जिवाभावाच्या मैत्रीण. सख्ख्या नव्हे, पण बोरीत मी सगळ्या गावाचा भाचा, त्यामुळे त्या मावशी. पंचमीला गावातल्या लेकीबाळी माहेरी आल्या, झोके बांधून झाले, की दिवेलागणीनंतर सगळ्या मावशींच्या ओसरीवर जमायच्या आणि मावशी बारवेतल्या धाकटीची गोष्ट सांगायच्या. ही गोष्ट मावशींना त्यांच्या आईकडून आलेली. ती सांगणारं दुसरं कुणी मला जिल्ह्यात सापडलं नाही, आणि मी बराच शोध घेतला होता. निदान प्रवासभत्त्यापुरता तरी घेतला होता.

मॅडमना खरी बारव आणि खरी मावशी पाहायची होती म्हणून त्या मुंबईहून आल्या. बरोबर कलादिग्दर्शक. आपल्याकडे दगडी पायऱ्यांच्या बारवांना तोटा नाही. चार गावांतल्या चार बारवा त्यांनी पाहिल्या आणि म्हणाले, "छान आहेत, पण यांच्यात बारवपण नाही." ते पुढे गोरेगावच्या स्टुडिओत थर्माकोलमधून निर्माण करण्यात आलं.

मग आम्ही मावशींकडे. दुपारची वेळ. मॅडम म्हणाल्या, "आजी, थोडीशी गोष्ट ऐकवा ना."

मावशी म्हणाल्या, "दिवसा न्हाई सांगत बाई. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो."

मॅडम म्हणाल्या, "चालेल. आमच्या गाडीत जीपीएस आहे."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. ही कोण बया आणलीस, असं ते पाहणं. पण पाहुणीला नाही कसं म्हणायचं म्हणून दोन वाक्यं सांगितली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, चहा घेतला आणि मला म्हणाल्या, "तुम्ही थांबा, संध्याकाळी पूर्ण रेकॉर्ड करून घ्या. आणि हो, मध्ये तुमचा आवाज नको. क्लीन ऑडिओ पाहिजे." गाडी परभणीकडे निघून गेली.

दिवेलागण झाली. मावशींची सून कांता हिनं देवापाशी दिवा लावला, मी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून मावशींपुढे ठेवला आणि गप्प बसलो. मावशींनी सुरुवात केली. "एक गाव व्हतं." आणि थांबल्या.

मी मोबाइलकडे बोट दाखवलं.

"आरं हं म्हन की."

इथं बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. गोष्ट ऐकणाऱ्यानं वाक्यागणिक 'हं' म्हणायचं असतं. याला हुंकार देणं म्हणतात. हुंकार आला की सांगणारा पुढे जातो. तो थांबला की गोष्ट थांबते. ऐकणारा झोपला, उठून गेला, तर सांगणाऱ्यानं तिथंच थांबायचं. रिकाम्या ओसरीला गोष्ट सांगत नाहीत.

मी म्हणालो, "मावशी, आवाज नको माझा. मी मान हलवतो."

"मला आता कमी दिसतंय लेका. तुझी मान मला कशी दिसंल? का ह्यो डबा हं म्हननार हाय?"

तेव्हा मी क्लीन ऑडिओचा नाद सोडला आणि हुंकार देऊ लागलो.

"तुझ्या मायचा हं वेशीपर्यंत ऐकू जायचा," मावशी म्हणाल्या. "आमी दोघी माझ्या मायपुढं बसायचो. पारूचा हं आला की माझी माय म्हनायची, ही पोरगी ऐकायली, बाकीच्या नुसत्या बसल्यात."

पारू म्हणजे माझी आई. ती जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

गोष्ट अशी. एका गावची सात पायऱ्यांची बारव आटली. सासूनं धाकट्या सुनेला फुटकी घागर देऊन पाण्याला धाडलं. धाकटी तळाशी गेली. तिथं पाण्यातल्या साती आसरा बसलेल्या. त्या देवताच, पण हट्टी. म्हणाल्या, तू आमच्यात बस, गावाला पाणी देतो. धाकटी बसली. बारव भरली. गावानं पाणी भरलं आणि धाकटीला विसरलं. पंचमीला तिचा भाऊ गाडी जुंपून न्यायला आला. सासू म्हणाली, ती पाण्याला गेली आहे. भाऊ बारवेच्या काठावर उभा राहून हाका मारू लागला. खालून आवाज आला, "दादा, माय कशी हाय?" भाऊ म्हणाला, "तुझी वाट बघायली." धाकटी एक पायरी वर आली. "दादा, कपिली व्याली का?" "व्याली, पाडी झाली." दुसरी पायरी. "दादा, औंदा झोका कुठं बांधला?" "तुझ्याच लिंबाला." तिसरी. मग धाकटी चौथ्या पायरीवर आली, पाणी तिच्या गळ्याशी, आणि तिनं विचारलं, "दादा, तू मला न्यायला आलास, का नुसतं बघायला?"

मी हं म्हणणार, तेवढ्यात मोबाइल वाजला. रेकॉर्डिंग बंद पडलं.

मॅडम होत्या. परभणीला निघालेली गाडी जिंतूरच्या स्टँडवर उभी होती. जीपीएससकट मामा वाट चुकला होता. त्या ओरडत होत्या, "चॅनेलचा कॉल आहे, आत्ता. बाकी काही नको, मला फक्त सांगा, स्टोरी पूर्ण आहे ना तुमच्याकडे? एंडसकट?"

मी अंगणात उभा राहून म्हणालो, "आहे."

"मग लगेच जीप करून या आणि आम्हाला रस्ता दाखवा."

आत आलो. मावशी तशाच बसलेल्या, हात मांडीवर, मान माझ्या दिशेनं. "हं म्हन," म्हणाल्या.

मी म्हणालो, "मावशी, मला निघावं लागतंय. पुढचं ठावं हाय मला. मायनं सांगितलेली हाय."

मावशींचा चेहरा असा उजळला की आजही तो मला नीट आठवता येत नाही. आठवायला गेलो की मी दुसरं काही तरी आठवू लागतो. "पारूनं सांगितली तुला? कवा?"

"लहानपणी."

"बघ गं कांता! मला वाटलं इसरली आसंल ती. मंग जा बाबा, जा. तुझ्यापाशी पुरी हाय तर मला घोर न्हाई."

माझ्या आईनं मला आयुष्यात एकही गोष्ट सांगितली नाही. ती मानवतला दिवसभर शिलाई मशीन चालवायची आणि गोष्टी सांगायच्या वेळेला भिंतीला टेकून झोपलेली असायची. मी तिच्या पायावर पांघरूण घालायचो. हे मला बोलताना माहीत होतं.

पुढचा काही काळ शेवटाची गरजच पडली नाही. मालिका चालली. धाकटी पहिल्या पायरीवर असताना टीआरपीचे आकडे चढले, तशी चॅनेलनं विचारणा केली, "पायऱ्या वाढवता येतील का?"

मी विचारलं, "किती?"

"स्पॉन्सर आहे तोपर्यंत."

थर्माकोलची बारव खोल होत गेली. धाकटी एक पायरी चढली की तीन आठवडे माहेरच्या आठवणी. आसरांमध्ये एक आसरा वाईट निघाली, तिचं थोरल्या जावेशी फोनवर बोलावं तसं आरशातून बोलणं सुरू झालं. भाऊ काठावर उभा राहून राहून कंटाळला आणि त्यानं वेबसीरिज घेतली. त्याच्या जागी दुसरा भाऊ आला, आवाज वेगळा, पण धाकटीला शंका आली नाही. ऊसतोडीला कर्नाटकात गेलेल्या बोरीच्या बाया फडावरच्या कोपीतून, म्हणजे पाचटाच्या झोपडीतून, मला फोन करायच्या, "भाचे, ती पोरगी वर कवा येनार हाय? आमी मोळ्या बांधता बांधता मोबाइलवर बघायलोत, अन् ती आपली तिथंच! आमी घरी जाऊ, ती न्हाई जायची." मी म्हणायचो, येईल, येईल.

मग एका सोमवारी चॅनेलनं मालिका शुक्रवारी बंद करायचं ठरवलं. मॅडमचा फोन आला. "तुमच्याकडे ओरिजिनल एंड आहे ना? पाठवा. आज."

मी परभणीत होतो. बोरीला जाणारी एसटी समोरच्या स्टँडवरून सुटते. मला फक्त जाऊन म्हणायचं होतं, मावशी, मी खोटं बोललो, पुढचं सांगा. ती गाडी सुटताना मी चहाच्या टपरीवरून पाहिली. चहा संपवला. मग खोलीवर येऊन शेवट लिहिला.

मॅडमना व्हिलन लागतो हे मला पाठ झालं होतं. मी लिहिलं की भाऊच खरा दुष्ट. त्यानंच स्वतःच्या शेताला पाणी मिळावं म्हणून आसरांशी सौदा करून बहिणीला दिलं होतं, आणि तो न्यायला नव्हे तर ती अजून तिथंच आहे ना हे बघायला आला होता. वरच्या पायरीवर धाकटीला हे कळतं. ती भावाकडे पाहते, वळते आणि आपणहून पुन्हा तळाशी जाते. पाणी वर येतं. समाप्त.

मॅडम रडल्या. म्हणाल्या, "इतका मॉडर्न एंड, आणि तोही लोककथेत! लोकांना पटणार नाही हा ओरिजिनल आहे असं. सोर्स टाकू या. जिंतूरला तुम्ही म्हणाला होतात, तुमच्या आईनं सांगितलेली ना?"

शेवटच्या भागाच्या शेवटी पांढऱ्या अक्षरांत आलं: कै. पार्वतीबाई, माहेर बोरी, यांनी सांगितलेल्या कथेवरून.

नाव मीच कळवलं होतं.

बोरीनं माझा सत्कार ठरवला. शाळेच्या पटांगणात मांडव, कमानीवर माझा फोटो आणि त्याच्या दुप्पट आकाराचा पाहुण्यांचा. पाहुणे तालुक्याचे पुढारी. ते भाषणात म्हणाले, "ही मालिका मी एकही भाग न चुकता बघितली," आणि पुढे बराच वेळ दुसऱ्याच मालिकेचं कौतुक केलं. लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या. मी आईविषयी बोललो. काय बोललो ते इथं लिहिण्याची लाज वाटते. मांडवातल्या बाया डोळे पुसत होत्या.

मावशींना कांतानं पुढच्या रांगेत बसवलं होतं. कार्यक्रम संपला तसा मी शाल पांघरूनच पाया पडायला गेलो. त्यांनी माझा हात धरला, सोडला नाही.

"कांतानं मला वाचून दाखवलं रे पडद्यावरचं. पारूचं नाव आलं."

"हो मावशी."

"ती भाऊ वाईट असल्याचं... पारूनं तुला तशी सांगितली व्हती का?"

आजूबाजूला माणसं होती, फोटोवाला "इकडं बघा" म्हणत होता, माझ्या अंगावर गावानं दिलेली शाल होती. ही कारणं नाहीत. मी नुसतं जे होतं ते सांगतोय.

मी म्हणालो, "हं."

त्या दिवशी ओसरीवर जो राहिला होता, तो हुंकार मी इथं दिला.

मावशींनी माझा हात सोडला. मग म्हणाल्या, "मंग मीच चुकत आसंन बाबा. तुझी माय माझ्यापेक्षा हुशार. तिचं ध्यान लय व्हतं."

त्यानंतरच्या पंचमीला कांताचा फोन आला. कांता सरळ बोलणारी बाई. म्हणाली, "भाऊजी, आत्याबाईंना काय झालंय तुमीच सांगा. बाया येऊन बसल्या, झोके झाले, आन् ह्या म्हनत्यात मला गोष्ट नीट येत न्हाई, टीव्हीतली बघा. आजवर कधी असं केलं न्हाई त्यांनी."

"तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीला धाड भरली न्हाई. भाकरी खात्यात, नातवाला रागवत्यात. पन एकट्या बसल्या की मला इचारत्यात, 'कांता, पारू माझ्यापाशीच बसून हं म्हनायची. मंग भाऊ वाईट कवा झाला? मला मधी डुलकी लागली व्हती का काय?' मी काय सांगू त्यांना?"

मी म्हणालो, "येतो एकदा."

"या की. मागल्या वेळेला बी असंच म्हनला व्हता."

तेव्हापासून दोन पंचम्या झाल्या. मावशींनी गोष्ट सांगितलेली नाही. मालिका गेली, मॅडम आता भुतांच्या मालिकेवर आहेत, तिथं व्हिलनची अडचण येत नाही. मी परभणीतच राहिलो. दुकानांच्या उद्घाटनांची निवेदनं आणि निवडणुकीतली गाणी लिहितो. बोरीवरून जिंतूरला अनेकदा गेलो. फाट्यावर गाडी थांबते, माणसं चढतात-उतरतात, मी खिडकीशी बसून मोबाइल बघतो. कधी म्हटलं, मावशींचं वय झालं, आता कशाला त्रास. कधी म्हटलं, गोष्टच तर आहे. हे दुसरं मी मॅडमकडून शिकलो.

माझ्याजवळ रेकॉर्डिंग अजून आहे. धाकटी विचारते, न्यायला आलास का नुसतं बघायला, आणि नंतर रिंग वाजते. भाऊ काय म्हणाला ते मला माहीत नाही. त्यानंतरच्या पायऱ्यांवर धाकटीनं काय विचारलं तेही नाही. ती वर आली की नाही, हे आज या जगात एकच बाई सांगू शकते आणि तिला मी पटवून दिलं आहे की तिची आठवण खोटी आहे.

हा दिवाळी अंक बोरीच्या वाचनालयात जातो. कांता तिथून मासिकं आणते आणि मावशींना वाचून दाखवते, हे मला ठाऊक असूनच मी हे लिहिलं आहे. म्हणजे अंक पोचायच्या आत मला पोचावं लागेल. कांतानं वाचून दाखवल्यावर कळलं, असं त्यांच्या बाबतीत एकदा झालंय, तेवढं पुरे.

सरूमावशींचं माझ्याकडे राहिलेलं असं: त्यांच्या तोंडावर सांगायचं आहे की पारूनं ती गोष्ट मला कधीच सांगितली नव्हती, भाऊ मी वाईट केला, आणि डुलकी त्यांना लागली नव्हती. मग त्या सांगायला तयार झाल्याच, तर मोबाइल बंद करून ओसरीवर बसायचं आहे, आणि चौथ्या पायरीपासून शेवटापर्यंत हं म्हणायचं आहे.